तिच्या चावीने

संध्याकाळच्या वर्गात त्यांना सगळे शेपूटबाई म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाव त्यांनीच ओढवून घेतलं होतं. जपानी असो की कोरियन, नवा विद्यार्थी वाक्यात पहिला आलेला शब्द पकडतो आणि त्यालाच कर्ता ठरवून मोकळा होतो. मग बाई खडूने फळ्यावर टकटक करत. शब्द कुठेही बसोत, त्यांची मर्जी, तुम्ही त्यांना मागून लागलेलं शेपूट बघा. जपानीत ‘गा’ लागलं तर तो करणारा, ‘ओ’ लागलं तर ज्याच्यावर केलं तो. मध्येच ‘जिबुन’, म्हणजे ‘आपला’, आला तर बहुतेक वेळा तो करणाऱ्याचाच. कोरियनची शेपटं निराळी, ‘जिबुन’च्या जागी ‘चागी’, पण स्वभाव तोच. सव्वीस वर्षं हेच सांगून बाईंचा घसा बसला होता.

त्या मंगळवारी त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, मुद्दाम उलटसुलट करून: बहिणीला आधी, भावाला मागे, मध्ये ‘जिबुन’ची गाडी. पहिल्या बाकावरच्या नर्सने ठासून सांगितलं, गाडी बहिणीची. बाई नेहमीचं वाक्य बोलायला वळल्या आणि खडू हातातच राहिला. शुक्रवारी त्यांनी स्वतः हेच केलं होतं. वर्गात नव्हे, कारखान्याच्या कागदावर.

कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या यंत्राभोवती जाळीचं दार असतं. चालू यंत्रापाशी कुणी जाऊ नये म्हणून त्याला कुलूप, आणि चावी फक्त सुपरवायझरकडे. गेल्या आठवड्यात एक ऑपरेटर त्या दारातून आत गेली आणि तिची दोन बोटं चेचली. सरांनीच दार उघडून मला आत पाठवलं, असं ती म्हणाली. सुपरवायझर म्हणाला, हिने चोरून दुसरी चावी करून घेतली होती. पाहणारा एकच होता, पाहुणा म्हणून आलेला जपानी इंजिनिअर. तो चार ओळी लिहून देऊन मायदेशी निघून गेला. त्या ओळींचं भाषांतर कंपनीच्या दुभाषी या नात्याने बाईंनी जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत उरकलं होतं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी घरी येऊन पिशवीतली झेरॉक्स काढली. मूळ वाक्य असं: ऑपरेटरला सुपरवायझरने आपल्या चावीने दार उघडून आत सोडलं. ‘ऑपरेटर’ सगळ्यात आधी होती खरी, पण शेपूट ‘ओ’चं. ‘गा’ होतं सुपरवायझरला. बाईंनी खात्रीसाठी तेच वाक्य कोरियनमध्ये मांडून पाहिलं, शब्द चार वेळा फिरवले. चावी सुपरवायझरच्या खिशातून हलेना. आणि भाषांतरात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तिच्या चावीने’, म्हणजे सुपरवायझर म्हणाला तीच चोरून केलेली चावी. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

नवरा निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस, तो म्हणाला, “एका शब्दाने काय होतंय? मूळ कागद वाचणारी त्या इमारतीत तू एकटीच आहेस.”

“म्हणूनच जायचंय,” बाई म्हणाल्या आणि सकाळची साडी इस्त्री करायला घेतली.

चौकशी अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर बाकावर ऑपरेटर बसली होती. हाताला पट्टी, पायाशी लॉकरमधलं सामान भरलेली पिशवी. कामावरून काढल्याचं पत्र आत टाईप होत होतं. बाई दार लोटून सरळ आत गेल्या, मागे दार लावायचंही त्यांना सुचलं नाही.

अधिकारी वैतागलाच. प्रकरण मिटलंय, तो म्हणाला, शब्द जरा मागेपुढे झाले असतील, एवढं काय त्यात? शिवाय भाषांतर चुकलं असं एकदा लेखी आलं की कंपनीच्या मान्य दुभाष्यांच्या यादीतून बाईंचं नाव कटणार, हेही त्याने ऐकवलं. बाईंनी खुर्ची ओढली. यादीचा विचार त्या रात्रीच करून आल्या होत्या.

“साहेब, बहिणीला भावाने आपल्या गाडीतून सोडलं. गाडी कुणाची?”

“भावाची.”

“भावाने आपल्या गाडीतून बहिणीला सोडलं. आता?”

“भावाचीच की.”

“भावाने बहिणीला तिच्या गाडीतून सोडलं.”

अधिकारी थांबला. “बहिणीची.”

“इंजिनिअरने ‘आपल्या चावीने’ लिहिलंय. मी ‘तिच्या’ केलं. ही मूळ कागदाची झेरॉक्स. माझ्यावर विश्वास नसेल तर दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घ्या, पण ते पत्र आधी थांबवा.”

अधिकाऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण बाई खुर्चीवरून हलायच्या नाहीत एवढं कळलं. त्याने टायपिस्टला हात करून थांबवलं आणि कोरा कागद पुढे ओढला. “लिहून घ्यावं लागेल. चूक कुणाची म्हणू?”

“आपली,” बाई सवयीने म्हणाल्या.

त्याने चमकून वर पाहिलं. “आपली म्हणजे? माझी? कंपनीची?”

सव्वीस वर्षं ज्या शब्दाने पोरांना छळलं, त्याने आता बाईंनाच गाठलं होतं. “नाही, साहेब. माझी. ‘माझी’ असंच लिहा.” त्याने लिहिलं, बाईंनी खाली सही केली.

त्या बाहेर आल्या तेव्हा ऑपरेटर उभी होती. उघड्या दारातून तिने सगळं ऐकलं होतं. तिने आभार मानले नाहीत आणि बाईंनाही ते नको होते.

“पाच दिवस झाले, आई माझ्याशी बोलत नाही,” ती म्हणाली. “तिला वाटतंय, मी खरंच चावी चोरली.”

बाईंनी वाकून तिची पिशवी उचलली. चांगलीच जड होती.

“चल. घर कुठे तुझं?”

“तुम्ही येऊन काय सांगणार?”

“जे आत सांगितलं तेच. चूक माझी.”

आणि दोघी जिना उतरू लागल्या, बाई पुढे.