आक्काच्या नावाचा पुरस्कार

आमच्या आक्काला गाडी लागायची. निरगुडसरहून मंचरला जायचं म्हटलं तरी तिला एसटीत खिडकीजवळ बसावं लागे, हातात लिंबू धरावं लागे आणि उतरल्यावर स्टँडच्या पायरीवर थोडा वेळ डोळे मिटून बसावं लागे. हीच मुलगी पुढे आयुष्यभर विमानात बसून नोकरी करेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर आधी तीच हसली असती.

ती चाचणी उड्डाणांवरची इंजिनिअर होती. नवं विमान तयार झालं, किंवा जुन्यात काही बदल केला, की त्यात माणसं बसवण्याआधी ते हवेत नीट वागतं का, हे तपासायचं. विमान चालवणारा पायलट वेगळा. आक्का त्याच्या मागे पडद्यांसमोर बसायची. आता वेग वाढवा, आता वळवा, असं कानावरच्या यंत्रातून त्याला सांगायची आणि विमानाचा कुठला भाग किती थरथरतो ते बघायची. मी गावातल्या शाळेत मास्तर, समजावून सांगणं हाच माझा धंदा; पण हे समजावणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. ‘मास्तर, बहीण विमान चालवती ना तुमची?’ असं कुणी विचारलं की मी मान डोलवायचो.

विमानातही तिला उलट्या व्हायच्या. उड्डाणाच्या दिवशी ती कोरडी भाकरी खाऊन निघे आणि कागदी पिशवी खिशात ठेवी. बरोबरचे लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. मी एकदा म्हटलं, “आक्का, जमिनीवरचं काम माग की.” ती म्हणाली, “पोट त्याचं काम करतं, मी माझं करते. आमचं भांडण नाही.”

आम्ही मेंढपाळाची पोरं. दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं घेऊन घाट उतरायचे, ते थेट पावसाच्या तोंडावर परत यायचे. तेवढे महिने आम्ही चुलतीकडे. माझी वेणी नव्हती म्हणून, नाहीतर तीही आक्कानंच घातली असती, इतकं तिनं माझं सगळं केलं. अवसरीला इंजिनिअरिंगचं कॉलेज होतं म्हणून ती शिकली. पुण्याला पाठवायची घरची तयारी नव्हती. अवसरीला सायकलवर जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं.

‘झालं असेल’ हा शब्द तिला चालत नसे. विहिरीवरची मोटर दुरुस्त झाली असं मी सांगितलं, की ती विचारायची, “चालू करून बघितलीस?” माझ्या लग्नात तिनं मांडवाचा एकेक खांब धरून हलवला. मांडववाला चिडला. “ताई, आजपातुर माजा एक मांडव पडला न्हाई.”

“मग हलवायला काय हरकत आहे, भाऊ?” आक्का म्हणाली आणि पुढच्या खांबाकडे गेली. एकही खांब कच्चा निघाला नाही. ती खूश झाली. मांडववाला जेवायला बसेपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

तिच्या नोकरीत एक दिवस असा आला की त्यानंतर सगळं बदललं. एका छोट्या विमानाचं उड्डाण होतं. खाली मोठे पाहुणे येऊन बसले होते. काम जवळजवळ संपलं होतं, शेवटचा टप्पा उरला होता. तेवढ्यात शेपटीकडची थरथर पडद्यावर तिला वेगळी वाटली. ठरलेल्या मर्यादेच्या आतच होती, पण वेगळी होती. तिनं पायलटला सांगितलं, “परत चला.” पायलटनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “माहीत नाही. पण परत चला.” तसा नियमच होता, तिनं म्हटलं की उतरायचं. ते उतरले. पाहुणे चहा पिऊन निघून गेले.

मग विमान उघडलं. बरेच दिवस एकेक भाग तपासला. काहीच सापडलं नाही. पुढे दुसऱ्या लोकांनी तोच टप्पा उडून पूर्ण केला, तेव्हाही काही झालं नाही. आक्काला उड्डाणांवरून काढून टेबलावर बसवलं. शिक्षा असं कुणी म्हणालं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

त्या दिवाळीला ती घरी आली ती वाळूनच. अंगणात आबा कातरीला धार लावत होते. तिनं सगळं सांगितलं. आबांना विमानातलं काय कळलं असेल ते असो, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “उसाच्या कडंनं जाताना मेंढरं बुजली की मी वळवतो. बिबट्या दिसलाच पायजे असं न्हाई.”

“आणि बिबट्या नसलाच तर, आबा?”

“तर लांबच्या वाटंनं घरी येतो. चिडत्यात बरूबरची मानसं. चिडू दे.”

आक्का त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. तिचं बरोबर होतं असं आबा म्हणाले नाहीत, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. ती बरोबर होती की नाही, ते आजतागायत कुणालाच कळलेलं नाही.

दोनेक वर्षांनी तिला परत उड्डाणांवर घेतलं. तिनं का, कसं, काही विचारलं नाही. पिशवी खिशात टाकून गेली. तिची उमेदीची वर्षं खरी तीच. मग आजार आला. विमानाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कुणालाही होतो तसा आजार. पुण्यातल्या दवाखान्यातच ती गेली, तेव्हा तिच्या केसांत फारसं पांढरं नव्हतं.

दहाव्याला तो पायलट निरगुडसरला आला. आता निवृत्त झालेला, उंच, हिंदी बोलणारा माणूस. आबांसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, “त्या दिवशी मी तिच्यावर फार चिडलो होतो. तिचं खरं होतं का, मला आजही माहीत नाही. पण पुढे प्रत्येक उड्डाणाला मीच तिला मागून घेतलं.” त्याच्याच खटपटीनं तिच्या नावाचा स्मृतिपुरस्कार सुरू झाला. चाचणी उड्डाणांत चांगलं काम करणाऱ्या इंजिनिअरला दर वर्षी, बंगळूरला, तिची नोकरी होती तिथे.

मानचिन्ह आबांच्या हातून द्यायचं असं ठरलं. तेव्हापासून दर वर्षी मी आबांना घेऊन जात होतो. आई कधी आली नाही. “मला न्हाई जमायचं,” एवढंच म्हणायची. खरं सांगायचं तर मी थकत गेलो. तोच प्रवास, तीच शाल, तोच नारळ. भाषणांतली आक्का दर वर्षी वाढत गेली. पहिल्या वर्षी ती मेहनती होती, मग निर्भय झाली, पुढे एका साहेबांनी तिला आकाशाची लेक करून टाकलं. इंग्रजी भाषण चालू असलं की आबा मला कोपर मारायचे. “काय म्हनला त्यो?”

“आक्का हुशार होती म्हणाले.”

“येवढा येळ लागला व्हय त्याला?”

मागच्या वर्षी पायलटसाहेब वारले. यंदा तिकडून एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. फार अदबीनं बोलला. यापुढे असे छोटे पुरस्कार एका मोठ्या पुरस्कारात सामावून घेणार आहेत, यंदाचा कार्यक्रम शेवटचा, बाबांना जरूर आणा. मी ‘बरं’ म्हटलं. भांडायला हवं होतं का? कुणाशी? फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

आबांना सांगितलं. “बरं,” तेही म्हणाले.

या वेळी त्यांना मंचावर चढवायला दोघं लागले. मानचिन्ह घ्यायला एक चष्मेवाला मुलगा आला, ओडिशाकडचा. आबांनी त्याचा हात धरला तो लवकर सोडलाच नाही. फोटोवाल्याचे फोटो काढून झाले, पुढचं नाव पुकारलं गेलं, तरी आबा त्याच्याकडे बघत उभे. मुलगाही शहाणा, त्यानं हात ओढून घेतला नाही.

घरी आलो. आबांनी शाल खुंटीला लावली आणि ओट्यावर बसले. मग म्हणाले, “वरसातनं एकदा माईकवर तिचं नाव घ्यायचे. तेवढ्यासाठी जायचो मी. बाकी त्यांचं काय बी कळत न्हवतं. आता कोन घेनार तिचं नाव? आपल्या घरात तर कुनीच घेत न्हाई.”

खरं होतं ते. आईला त्रास नको म्हणून आम्ही तिच्यासमोर तो विषय काढत नव्हतो.

आई दारात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. “मी घेते की,” ती म्हणाली. “रोज घेते. पहाटं शेरडं सोडताना. तुमी कवा ऐकलं न्हाई.”

आबा तिच्याकडे बघत राहिले. “मोठ्यानं घेतीस?”

“मोठ्यानंच. लेकीचं नाव बारीक आवाजात कोन घेतं?”

“मग आत्ता घे.”

आईनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं, शेताकडे तोंड केलं आणि लांब गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी हाक मारली, “सगुणाऽऽ!”

बांधावरची शेरडं थांबून बघायला लागली. आबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “आनखी एकदा.”