विसावी बाई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कळत नाही.

वडील नांदेडहून हैदराबादला आलेले, रेल्वेत खलाशी. तारनाक्याचं आमचं घर त्यांच्या पीएफमधून उभं राहिलं. आणि मी — आमच्या खानदानात पगार देणारा पहिला माणूस! आबिड्सच्या मागे माझा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे. ह्याचा अभिमान वाटतो, आजही. लपवू कशाला?

तेव्हा माणसं एकोणीस होती. विसावं आलं की सगळ्यांचाच पीएफ लागू — पगाराच्या वर मालकाचा हिस्सा. "सरकारच माणसं ठेवू देत नाही," असं मी चारचौघांत सांगायचो. खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरं होतं का?

शाळा उघडायच्या आधीच्या घाईत बटणं लावायला यादम्मा आली. आयुष्यात पहिल्यांदाच घराबाहेर कामाला निघालेली. शर्ट पुरा झाला की उजेडात धरून बघायची, स्वतःशीच हसायची. घाई सरली. आता तिला कायम तरी करायचं, नाहीतर काढायचं. कटिंग मास्तरला कोण हात लावतो? बटणं लावणारीच जाते.

तिला खरं कारण सांगता आलं असतं. पण मग बाकीच्या एकोणीस जणांनीही ते ऐकलं असतं — आपल्याला काय मिळत नाही ते. म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तेरा हात अच्छा नै, यादम्मा. धागा तुटता."

धागा कधीच तुटला नव्हता. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.  

पुढे कारखाना वाढला. सगळ्यांचा पीएफ सुरू केला, पेढे वाटले, वडिलांच्या फोटोला हार घातला. ऊर भरून आला होता — खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी व्यापाऱ्यांच्या मंडळानं सत्कार ठेवला. गरिबांच्या हाताला काम दिलं म्हणून. हॉलच्या मागे हात धुवायला गेलो, तर यादम्मा भांडी घासत होती. मला बघून उठली, हसली.

"तुम सच बोले थे, सेठ. उसके बाद मैं सुई को हातच नै लगाई."

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. दोघंच होतो तिथे.

मी मान हलवली. आत माझं नाव पुकारलं. मी गेलो, ताठ मानेनं शाल घेतली.