मास्तरांच्या वर्गातला नंबर

बहरीनचा माणूस म्हटल्यावर सोन्याच्या घड्याळाची वाट बघत असाल, तर सॉरी. हे आमच्या शेजारच्या वर्गाचे मास्तर. आधी चिपळूणकडे झेडपीत, मग मिशनच्या शाळेत, मग उर्दू शाळेत शिकवून इथं बहरीनच्या गुदैबिया भागातल्या शाळेत आलेले. त्यांच्या वर्गात रोज एका पोरानं आपल्या घरची प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी गप उभं राहायचं. "सावकाश हं बाळा, देव कुठं पळत नाही." देव नाही, पण तास पळतो हो! दोन वर्गांच्या मधे नुसतं प्लायवूड. माझ्या वर्गातली पोरं भागाकार सोडून तिकडेच कान लावतात.

प्रार्थनेपायी पुन्हा उशीर झाला तर कॉन्ट्रॅक्ट खलास, असं हेडबाईंनी मास्तरांना बजावलेलं. एकदा मास्तर खडू आणायला गेले आणि बाई राउंडला निघाल्या. मी प्लायवूडआडून मास्तरांचा आवाज काढला, "आज प्रार्थना नाही बाळांनो, पाढे काढा!" जिन्यातूनच पाढे ऐकून बाई खूश होऊन परत फिरल्या. नोकरी वाचली की!

मास्तर मात्र लालबुंद.

"माझी नोकरी गेली असती तर गेली असती, गाढवा! आज त्या पारशी पोरीचा नंबर होता. वर्गात तिच्या धर्माची एकटीच आहे ती, दोन महिने वाट बघत होती. जा, सांग तिला. आणि या खेपेला तुझ्या स्वतःच्या आवाजात."