कोऱ्या चौकटींचा माग घेणारे नाना

रंगनाथराव सरोदे यांना, म्हणजे आम्हा सर्वांच्या नानांना, मी पहिल्यांदा पाहिलं ते बावीस वर्षांपूर्वी, पारनेर तालुक्यात माळावर असलेल्या आमच्या स्टड फार्मवर. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्या त्या फार्मवर मी पशुवैद्य म्हणून नुकतीच रुजू झाले होते. नाना ऑफिसात फरशीवर मांडी घालून बसले होते आणि समोर चादरीएवढा कागद पसरलेला होता. त्यांनी माझी पदवी विचारली नाही, आधीची नोकरी विचारली नाही. विचारलं काय, तर "तुमच्या आईची आई कुठल्या गावची?" मला रागच आला. मी म्हटलं, "मी इथं स्थळ म्हणून आलेले नाही." नाना शांतपणे म्हणाले, "बापाचं नाव समदेच सांगत्यात, डॉक्टरीणबाई. घर आईकडनं कळतं." आणि ते पुन्हा कागदात शिरले.

नाना आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे त्यांच्या कार्याविषयी चार शब्द मागितले. कौतुकाचे चार शब्द लिहायला मला काही जड नव्हतं. पण बारा वर्षांपूर्वीच्या एका चुकीचा डाग नानांच्या नावाला चिकटलेला आहे, आणि ती चूक त्यांची नव्हे, माझी आहे. या ग्रंथात कुणीतरी, अगदी आदरानेच, 'नानाही एकदा चुकले' असं लिहील हे मला ठाऊक आहे. ते छापून कायमचं होण्याआधी खरं काय ते मला सांगितलंच पाहिजे.

आधी नानांचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाना या फार्मवर आले ते चारा मोजायला. सातवीपर्यंतचं शिक्षण. पण कुठली घोडी कुणाची, तिची आई कोण, आजी कोण, हे त्यांच्या तोंडी असे. पुढे थोरल्या मालकांनी त्यांना वंशावळींच्या कामावर घेतलं, आणि कुठल्या घोडीला कुठला घोडा लावायचा हे नाना ठरवू लागले. ते एका कागदावर दोघांच्याही पाच पाच पिढ्या चौकटी आखून मांडत. दोन्ही बाजूंना एकच नाव आलं की त्याला लाल पेन्सिलीने वेढा घालत. आपण लग्नात सगोत्र टाळतो, पण घोड्यांच्या पैदाशीत ते कधी कधी मुद्दाम, मापात जुळवून आणतात. एखादा मोठा पूर्वज दोन्हीकडून आला तर त्याचा वेग दुप्पट येईल अशी आशा असते. आणि त्या पूर्वजात काही लपलेलं असेल तर तेही दोन्हीकडून येतं. म्हणून लाल वेढा घातला की नाना पेन्सिल खाली ठेवत आणि फार्मवरच्या प्रत्येकाला विचारत फिरत, "या घरात काही वावगं ऐकलंय का?" मालकाला विचारत, डॉक्टरांना विचारत, घोड्यांची निगा राखणाऱ्या सइसांना विचारत. त्यांच्या पद्धतीने लावलेल्या जोड्यांची शिंगरं मुंबई-पुण्याच्या शर्यतींत जिंकली. फोटोत मालक दिसले, नाना कधी दिसले नाहीत. त्याबद्दल ते एका शब्दानेही कुरकुरले नाहीत.

बारा वर्षांपूर्वी फार्मवर पैदाशीसाठी एक नवा घोडा आला, आणि नानांनी त्याच्यासाठी रुपेरी नावाची घोडी निवडली. कागद सुरेख जुळत होता. घोड्याच्या तिसऱ्या पिढीत आणि घोडीच्या चौथ्या पिढीत एकच नामांकित पूर्वज. नानांनी लाल वेढा घातला आणि रीतीप्रमाणे तबेल्यात माझ्याकडे आले. "डॉक्टरीणबाई, रुपेरीच्या घरात काही वावगं?"

मी म्हणाले, "नाही नाना. माझ्या तरी कानावर काही नाही."

हे धडधडीत खोटं होतं. या फार्मवर येण्याआधी मी श्रीरामपूरकडच्या एका फार्मवर नोकरीला होते. तिथे रुपेरीची सख्खी थोरली बहीण माझ्यासमोर व्याली होती, आणि तिला लावलेला घोडाही त्याच नामांकित पूर्वजाच्या घरातला होता. शिंगरू जिवंत जन्मलं, पण त्याची कातडी जिथे हात लावावा तिथे सोलवटत होती. सांधे सैल होते, पाय शरीराला नुसते लटकलेले. दुपारी मीच त्याला इंजेक्शन देऊन सोडवलं. तिथले मालक म्हणाले, "झाकली मूठ ठेवा, डॉक्टर. कळलं तर या घरातली एकही घोडी कुणी दारात उभी करणार नाही." आणि मी नोंदीत लिहिलं, 'घोडी गाभडली', म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ पडला. वंशावळीत त्या वर्षाची चौकट कोरी राहिली. नानांनी विचारलं तेव्हा ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. पण एकदा खोटी नोंद केलेली, ती कबूल केली तर नोकरी जाईल, पुन्हा कुठला फार्म उभं करणार नाही, असा हिशेब मी केला आणि 'नाही' म्हणून मोकळी झाले. दोष दर वेळी उतरतोच असं नाही, अशी स्वतःची समजूतही घातली.

रुपेरीचं शिंगरू अकरा महिन्यांनी एका सकाळी आलं. तेही तसंच. सइसाने पुसायला कापड लावलं आणि कापडाला कातडी आली. त्याने कापड खाली टाकलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नाना आत आले, शिंगराजवळ गुडघे टेकून बसले. मी इंजेक्शन भरेपर्यंत त्यांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं, तेही तळहातावर अलगद, कुठे ओरखडा येऊ नये म्हणून. पुढे तीन दिवस रुपेरीचा पान्हा गळत होता आणि ती दारातून माळाकडे तोंड करून हाका मारत होती. तो आवाज ऐकत मी तपासण्या करत फिरले. एवढं ऐकूनही मी बोलले नाही.

धाकट्या मालकांनी सर्वांना अंगणात बोलावून विचारलं, हे कसं झालं. मी समोरच उभी होते. नाना पुढे झाले आणि म्हणाले, "जोडी मी लावली. चूक माझी हाय. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या परीनं समदं केलं." खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं. जोड्या ठरवायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि कॉम्प्युटरवर करणाऱ्या बाहेरच्या माणसाला दिलं. तबेल्यात एखादं काम फसलं की 'सरोद्यांची जोडी झाली' असं म्हणायची पद्धत पडली. नाना ते ऐकत आणि चारा मोजत. हो, त्यांना पुन्हा चाऱ्यावर घातलं होतं.

मग नानांनी आपणहून एक वही सुरू केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. पळालेल्या घोड्यांची नोंद सगळे ठेवतात. जे जन्मले आणि नाव पडण्याआधीच गेले, त्यांची चौकट कोरी असते, आणि आपण कोऱ्या चौकटीला निर्दोष समजतो. "ही चूक माझी," ते म्हणत, "कोरं म्हंजे चांगलं असं मी धरलं." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते एसटीने गावोगावच्या म्हाताऱ्या सइसांकडे जाऊ लागले. एकदा मीही त्यांच्याबरोबर पाथर्डीकडच्या एका गावी गेले होते. तिथला म्हातारा सईस आधी विषय टाळत राहिला. नाना नुसते बसून राहिले. शेवटी तो म्हातारा म्हणाला, "म्याच पुरलं त्याला, नाना. लई देखनं हुतं, पर उभंच ऱ्हाईना. मालकानं सांगितलं, कुनाला बोलू नगंस. तुमी पयलेच इचारनारे." नानांनी त्याच्यासमोर आईचं नाव, बापाचं नाव आणि 'उभं राहिलं नाही' एवढं लिहिलं. त्या वहीमुळे पुढे किमान दोन जोड्या मोडल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. कॉम्प्युटरवर जोड्या लावणारा तो बाहेरचा माणूसही आता गुपचूप नानांना फोन करतो.

आणि मी? माझ्या आईच्या आजारपणात माझ्या घरी दोन महिने दूध नानांच्या घरून यायचं. आई गेली तेव्हा अंत्यविधीची सगळी धावपळ त्यांनीच केली. फार्मवर एक पाहुणा माझ्याशी वेडंवाकडं बोलला तेव्हा त्याला गाडीपर्यंत नेऊन बसवणारेही नानाच. या प्रत्येक वेळी मी ठरवलं, आज सांगायचं. सांगितलं नाही.

परवा हा लेख इथपर्यंत लिहून मी त्यांच्या घरी गेले. काचबिंदूने त्यांची नजर फार अधू झाली आहे, म्हणून मी वाचून दाखवला. नाना भिंतीला टेकून ऐकत होते. वाचून संपलं. नाना म्हणाले, "बारा वर्सं तुमी माझ्या घरी चहा पिला." मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, टाकलीही नाही. सुनेला हाक मारून वही मागवली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "लिव्हा. आईचं नाव, बापाचं नाव, काय झालं त्ये." मी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आनखी किती हायत?"

आणखी तीन होती. अडल्या वेळी मला बोलावणाऱ्या वेगवेगळ्या फार्मवरची, 'गाभडली' म्हणून लिहिलेली. तीही मी लिहिली. नानांनी प्रत्येक नाव दोनदा वाचायला लावलं, आपल्या ध्यानात बसेपर्यंत.

परतताना वाटेत मला आणखी एक आठवलं. उद्या मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे. नाना, तुम्ही मला माफ करा असं आता म्हणत नाही. तुम्ही धडधाकट राहा, उरलेली नजर टिको, शंभरी पार करा. तुम्ही समोर बसून विचारलंत, तरच आता माझ्याकडून खरं लिहिलं जातं.