आठचा तास कुणाचा?

वेळापत्रकवाल्या बाईंना भीती वाटली की हसू यायचं. ही त्यांची जन्माची खोड. नोकरीच्या मुलाखतीत त्या हसल्या, स्वतःच्या लग्नात हसल्या, आणि एकदा लिफ्ट मध्येच अडकली तेव्हा तर इतक्या हसल्या की बाहेरच्यांना वाटलं, आत कुणाचा तरी वाढदिवस चाललाय. तरीही एकतीस वर्षं विद्यापीठातल्या त्या विभागाचं कार्यालय त्यांनी सांभाळलं, आणि त्यातली सतरा वर्षं वेळापत्रकही. विभागात चौदा शिक्षक. कुणाचा तास किती वाजता, कुठल्या खोलीत, हे बाईंच्या संगणकातून निघायचं. म्हणून विभागात आपल्या बायकोला फार मान आहे, असं त्यांच्या नवऱ्याला वाटे. बाईंना माहीत होतं, मान यादीला आहे.

यादी म्हणजे शिक्षकांची, ज्येष्ठतेनुसार. सगळ्यात वर विभागप्रमुख, त्यांच्याखाली मफलरसर (भर उन्हाळ्यातही मफलर), मग कायम नोकरीतले बाकीचे, आणि तळाशी तासांवर नेमलेले पाच जण. संगणक वरून खाली वाटप करत जायचा. वरच्यांना अकराचे तास आणि तळमजल्यावरच्या ऐसपैस खोल्या. खाली पोचेपर्यंत उरायचा तो सकाळी आठचा तास आणि तिसरा मजला. त्यामुळे ज्यांचं घर विभागाच्या मागेच, चालत चार मिनिटांवर, ते प्रमुख अकराला यायचे, आणि दोन बस बदलून येणाऱ्या मॅडम आठला. काठी टेकत चालणारे सर तिसऱ्या मजल्यावर, कारण तेही तासांवरचे. यात कुणाचा दुष्टावा नव्हता हो. कुणी तिकडे बघतच नव्हतं, आणि न बघायला तर काहीच कष्ट पडत नाहीत.

नवं सत्र सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात दोन बसवाल्या मॅडमनी बाईंच्या टेबलावर एक कागद ठेवला. राजीनामा.

"काकू, नवं वेळापत्रक लागलं की हा सरांकडे द्या. मला आठचाच तास असणार, माहितीये मला."

"अहो मॅडम, पोरं जीव टाकतात तुमच्यावर!"

"पोरांचं ठीक आहे. माझी पोरगी दीड वर्षाची आहे आणि पाळणाघर साडेआठला उघडतं. इतके दिवस शेजारच्या आजी सांभाळायच्या, त्या आता लेकीकडे राहायला गेल्या."

बाईंना खुदकन हसू आलं. मॅडमना ही खोड ठाऊक होती, त्यांनी बाईंचा हात दाबला आणि त्या गेल्या. कागद डोळ्यांसमोर नको म्हणून बाईंनी तो डाव्या खणात पालथा घातला. त्या खणात पाठकोरे कागद असायचे, कच्च्या कामाचे. विभागात कोरा कागद मागायचा तर तीन सह्या लागत, म्हणून पाठकोऱ्यांना सोन्याचा भाव होता.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या समान संधी कक्षाचा तक्ता आला. प्रत्येक शिक्षक किती लांबून येतो, घरी कुणाची काळजी घ्यावी लागते, जिने चढायला त्रास होतो का, सगळं भरायचं होतं. प्रमुखांनी तो बाईंकडे ढकलला. बाईंना सगळ्यांची घरं ठाऊक होती, त्यांनी संगणकातल्या यादीतच नावांपुढे अंतरं भरली आणि उत्सुकता म्हणून यादी अंतराप्रमाणे लावून पाहिली. जो लांबून येतो तो वर, जवळचा खाली. सगळ्यात वर दोन बसवाल्या मॅडम, त्यांच्याखाली काठीवाले सर, आणि अगदी बुडाशी प्रमुख. बाईंना इतकी गंमत वाटली की त्या चहा प्यायला गेल्या आणि यादी पूर्ववत करायची साफ विसरल्या.

मग त्यांनी वेळापत्रकाचं बटण दाबलं. संगणकाला काय, तो आपला वरून खाली गेला.

प्रमुखांनी सतरा वर्षांत वेळापत्रक कधी वाचलं नव्हतं. त्यांनी फोनवर बोलता बोलता तीन ठिकाणी सही ठोकली. कागद फलकावर लागला, खोल्या वाटणाऱ्या कचेरीत गेला, आणि सोमवारी आठ वाजून पाच मिनिटांनी प्रमुख कार्यालयाच्या दारात उभे राहिले. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं.

"बाई, हे काय आहे?"

बाईंनी यादी पाहिली. चूक कळली, आणि त्या जे हसत सुटल्या ते थांबेचनात.

"हसताय काय? आठचा तास, मला, पाचही दिवस! वर खोलीला कुलूप, दिवे लागत नाहीत, प्यायला पाणी नाही!"

"किल्ली नऊला येते, सर," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "गेली चार वर्षं नऊलाच येते."

तेवढ्यात मफलरसर धापा टाकत आले. त्यांना तिसरा मजला लागला होता आणि मफलर त्यांच्या हातात आला होता. बदला म्हणे, आत्ताच्या आत्ता बदला!

पण बदलणार कसं? फलकाशेजारी चौकटीत एक नियम टांगलेला होता. दोन वर्षांपूर्वी मॅडमनी तास बदलून मागितला तेव्हा प्रमुखांनी स्वतः लिहून, सही करून लावलेला. एकदा लागलेलं वेळापत्रक सत्र संपेपर्यंत बदलणार नाही. बदलायचंच तर विभागातल्या सर्व शिक्षकांच्या सह्या हव्यात. सगळ्यांच्या सह्या कधी मिळायच्या नाहीत, या भरवशावर ते वाक्य घातलेलं होतं. मफलरसरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सर्व शिक्षकांत तासांवरचे पाचही आले की!

गुरुवारी बैठक ठरली. इतकी वर्षं तासांवरच्यांना बैठकीचं बोलावणंच नसायचं. या वेळी प्रमुखांनी स्वतः फोन केले, आणि सुरुवातीला "कसं काय, बरं आहे ना?" असंही विचारलं. जुनं वेळापत्रक परत आणायचा त्यांचा बेत होता. तासांवरचे लोक नाही कसं म्हणणार? पुढची नेमणूक त्यांच्याच हातात. दोन बसवाल्या मॅडम बाईंना हळूच म्हणाल्या, "तीन दिवस अकराला आले, चैन झाली. गुरुवारी बैठक संपली की तो कागद द्या."

बाई घरी आल्या त्या रडकुंडीला येऊन हसत. नवरा बस चालवायचा. त्यानं सगळी हकीकत ऐकली आणि भाजी निवडत म्हणाला, "अगं, यात एवढं काय? आमच्या आगारात पहाटेची गाडी आठवड्याआड फिरते. सगळ्यांना येते, साहेबाच्या मेव्हण्यालाही."

"आणि घरी तान्हं असलं तर?"

"त्याला पहाटेची नाही. तो भर दुपारची फेरी घेतो, जी कुणालाच नको असते. ज्याचा गुडघा गेलाय त्याला चढाचा मार्ग नाही. भांडणं होतात, नाही असं नाही. पण गाड्या सुटतात."

बाईंनी त्याच्या हातातली भाजी काढून घेतली आणि त्याला स्वयंपाकघरातच एक गिरकी घालायला लावली. त्याला काही कळलं नाही, पण तो फिरला.

गुरुवारी बैठकीच्या आधी पाऊण तास होता. बाईंनी डाव्या खणातून हाताला आला तो पाठकोरा कागद ओढला आणि आगाराची पद्धत त्यावर मांडली. आठचा तास सगळ्यांत फिरता, एकेक आठवडा. मॅडमना त्यातून सूट, बदल्यात दुपारी दोनचा, ज्याला वर्गासकट शिक्षकही पेंगतो. काठीवाल्या सरांना तळमजला. खाली चौदा सह्यांच्या जागा.

बैठकीत प्रमुखांनी जुन्या वेळापत्रकाची बाजू मांडली. मग विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" सगळ्यांनी आपापल्या डायऱ्यांत डोळे घातले. आणि बाईंना हसू फुटलं.

"बाई?"

"सर, मला... मला म्हणायचंय." त्यांनी कागद पुढे सरकवला. "बसवाले असं करतात."

कागद फिरला. काठीवाल्या सरांनी पहिली सही केली, ती इतकी जोरात की पेनाचं टोक मोडलं. तासांवरच्या पाच झाल्या. मग कुणीतरी हिशेब मांडला की आठचा तास तेरा आठवड्यांतून जेमतेम एकदा येतोय, आणि तसा तो आला तर चालतंय. दुसरं पेन सरकत गेलं. मफलरसरांनी "तिसरा मजला कायमचा नाही ना?" एवढं विचारून सही केली. तेरा झाल्या. कागद प्रमुखांपुढे आला.

पण प्रमुख आता पोळलेले होते. न वाचता सही केल्यावर काय होतं हे त्यांनी चार सकाळी भोगलं होतं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग उलटून मागची बाजूही पाहिली.

बाईंच्या आत्ता लक्षात आलं, आपण कुठला कागद ओढलाय. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना भीती वाटूनही हसू आलं नाही.

मागे चारच ओळी होत्या. प्रमुखांनी त्या हलक्या आवाजात वाचल्या. "मला आठचा तास आहे. माझ्या मुलीचं पाळणाघर साडेआठला उघडतं. यातलं काहीच माझ्या हातात नाही. नोकरी सोडणं तेवढं आहे, म्हणून ती सोडते आहे."

मॅडम खाली बघत होत्या. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तास बदलून मागायला तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला होता," ते म्हणाले. "तेव्हा मुलगी पोटात होती ना? मी नियम लावला." मग त्यांनी कागद परत उलटा केला, सही केली आणि म्हणाले, "हे आत्तापासून लागू. पहिला आठवडा माझा लिहा, बाई. आणि ती किल्ली आठच्या आत यायला पाहिजे."

खोलीत एकदम गलका झाला. मफलरसर कुणाशी तरी हात मिळवत होते, कुणाशी ते त्यांनाही ठाऊक नसावं. बाईंचं अडलेलं हसू सुटलं आणि त्याबरोबर डोळेही वाहू लागले. दोन बसवाल्या मॅडम गर्दीतून त्यांच्याजवळ आल्या.

"काकू, माझा राजीनामा द्या ना परत."

"कसा देऊ? त्याच्या पाठीवर चौदा सह्या आहेत. आता तो फायलीत जाणार." बाईंनी तो कागद छातीशी धरला. "आणि राजीनामा कुणी मंजूर करायचा म्हटला, तर मागचं वेळापत्रक रद्द होतं बघा."

"मग मी करू काय?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला तीन मिनिटं कमी होती.

"करायचं काय? तास आहे तुम्हाला. पळा!"