डब्यातली भुकटी आणि माझा डावा पाय

माझ्या पायावर कोयता घातला तो माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं. भांडणात नव्हे हो, प्रेमानं! वरंधजवळच्या आमच्या वाडीत आम्ही कुंपणाची झुडपं तोडत होतो. दादाला माझ्या पायाशी फुरसं दिसलं, जहरी साप. त्यानं वार केला, फुरसं निसटलं आणि कोयता माझ्या नडगीत रुतला. रक्ताची चिळकांडी थेट त्याच्या मुंबईच्या टी-शर्टवर!

"टेन्शन नको घेऊ रे, दवा हाय," म्हणत त्यानं घरातला बिस्किटांचा डबा आणला. मुंबईहून येणारा प्रत्येक जण उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या-कॅप्सूल त्यात टाकतो. माणूस असो की बैल, जखम झाली की डब्यातली कॅप्सूल फोडायची आणि भुकटी जखमेत दाबायची. एखादी पोटात घ्यायची, ताप उतरला की बंद. आमची अख्खी वाडी अशीच वाढली.

या वेळी मात्र पाय भोपळ्यासारखा फुगला, काळा पडला. असा वास सुटला की कुत्रंसुद्धा ओटीवरून उठून गेलं.

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी पू तपासून घेतला. म्हणाल्या, "नेहमीची सगळी औषधं या जंतूंनी पचवलीत. एकच इंजेक्शन उरलंय. त्यालाही दाद दिली नाही, तर गुडघ्याखाली पाय कापावा लागेल."

"हात तर लावून बघा!" दादानं सलाइनचा स्टँडच उचलला.

माझ्या बायकोनं त्याच्या सणसणीत थोबाडीत दिली. थोरल्या दिराच्या! "कोयता तुमचा, भुकटी तुमची, आनि धावताय बाईंवर? गप बसा, भावोजी!"

इंजेक्शन सुरू झालं. रोज सडकं मांस कापलं जाई. खाटकाच्या ओंडक्यावर ठेवावा तसा माझा पाय, कात्री करकरतेय, आणि मला काहीच दुखत नाही! बाईंचा चेहरा रोज आणखी उतरत होता.

एके सकाळी त्यांनी चिमटा खोल घातला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बोंब ठोकली आणि लाथ झाडली. त्याच पायानं! बाई हातातल्या ट्रे सकट भिंतीवर आदळल्या. कात्र्या खणखणत फरशीवर पसरल्या. जखमेतून लालभडक रक्त ओघळलं.

"मेलो! बाईंना मारलंन यानं!" दादा किंचाळला.

बाई पोट धरून हसत होत्या. "मारू दे हो! दुखतंय, ताजं रक्त येतंय, लाथही बसतेय. पाय वाचला! सिस्टर, धरा याला घट्ट. अजून थोडं कापायचंय."