फिरकीच्या तांब्यातली गावं

आमच्या पुण्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाला रेल्वेलाइनवरच्या एखाद्या गावात राहायला जायचं होतं. मलाही जायचं होतं, पण मी नुसता बोलायचो. तो दर रविवारी सायकलला फिरकीचा तांब्या अडकवून निघायचा आणि एकेका गावच्या विहिरीचं पाणी घेऊन यायचा. सोमवारी त्या पाण्यात शिजवलेली डाळ त्याच्या डब्यात असायची. डाळ मऊ शिजली तरच गाव पसंत.

"आकुर्डी," म्हणत त्याने एकदा दाणा बोटांत चेपून पाहिला. "घर झकास होतं राव, पण पाणी जड."

चिंचवडची डाळ मात्र अगदी लोण्यासारखी शिजली.

"झालं तुमचं काम," मी म्हणालो.

त्याने डबा माझ्यापुढे सरकवला. "दोन खोल्या आहेत नदीजवळ. तुम्ही घ्या. तुमच्या वडिलांना दात नाहीत."

"आणि तुम्ही?"

"माझे शाबूत आहेत."

आता त्या खोल्यांत आम्ही राहतो. रविवारी तो येतो, वडिलांबरोबर वरणभात खातो आणि देहूरोडकडे निघतो. मी तांब्या भरून द्यायला लागलो की तो झाकणावर हात ठेवतो.

"राहू द्या. पुढच्या गावाचं पाणी भरायचंय."